गाभण जनावर, विष आणि पीतककोशातली विकरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निपाणी, चिकोडी, खानापूर, अथणीकडचे पशुपालक एका बाजूला, बेळगावच्या कॉलेजांतले प्राणीशास्त्र आणि फार्मसीचे विद्यार्थी दुसऱ्या बाजूला. दोघांचे प्रश्न वेगळे दिसले तरी मुळात एकच आहेत: आईच्या पोटात विष गेलं, तर गर्भाचं काय आणि कशामुळे? म्हणून दोघांची उत्तरं एकाच पानावर दिली आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत सांगितलेली नाही, प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पीतककोश म्हणजे अंड्यातला बलकच का?

नाही. बलक हा साठा आणि पीतककोश ही त्याभोवतीची जिवंत पिशवी. कोंबडीच्या अंड्यात या पिशवीच्या पेशी बलक पचवून पिलाच्या रक्तात सोडतात. गाय, म्हैस, उंदीर, माणूस यांच्या बीजांडात बलक नावालाच असतो, तरी पिशवी तयार होतेच आणि रिकामी बसत नाही. गर्भाच्या पहिल्या रक्तपेशी तिच्याच भिंतीत बनतात आणि वार (प्लॅसेंटा) नीट जुळेपर्यंत गर्भाला खाऊ घालण्यात तिचा मोठा वाटा असतो. कोणत्या प्राण्यात हा वाटा किती आणि किती दिवस, ते प्रश्न ४ मध्ये आहे.

२. यात विकरांचा, म्हणजे एन्झाइम्सचा, संबंध कुठे येतो?

गुऱ्हाळ डोळ्यांसमोर आणा. उसाची मोळी दारात येऊन पडली म्हणजे रस मिळाला असं होत नाही, ती चरकातून जावी लागते. पीतककोशाच्या पेशी भोवतालच्या द्रवातली आईची प्रथिनं थेंबाथेंबाने आत ओढून घेतात. ही झाली मोळी. पेशीच्या आत लयकारिका नावाच्या पिशव्या असतात, त्यांत कॅथेप्सिन बी, एल, डी अशी प्रथिनं तोडणारी विकरं असतात. हा चरक. त्यातून सुटलेली अमिनो आम्लं गर्भाला मिळतात आणि त्यांतून त्याची स्वतःची प्रथिनं घडतात.

याखेरीज आम्ल फॉस्फेटेज हे लयकारिकांच्या तब्येतीची खूण म्हणून मोजतात, अल्कली फॉस्फेटेज पेशीच्या पृष्ठभागावर असतं. सायटोक्रोम पी-४५० आणि ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज ही विषाशी झुंजणारी, तर कॅटॅलेज आणि सुपरऑक्साइड डिसम्युटेज ही ऑक्सिजनच्या उपद्रवी रूपांना आवरणारी विकरं. सायटोक्रोम पी-४५० हे दुधारी आहे: काही रसायनं ते निकामी करतं, काहींना उलट जास्त जहाल करून सोडतं.

३. विष गर्भापर्यंत पोचलंच नाही, तरी गर्भात व्यंग येतं म्हणतात. हे कसं शक्य आहे?

या विषयातला हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, म्हणून जरा सविस्तर.

ट्रिपान ब्लू नावाचा निळा रंग आहे. गाभण उंदरीला तो टोचला तर पिलांमध्ये मेंदू-मणक्याची आणि इतर व्यंगं येतात, हे दक्षिण आफ्रिकेतल्या गिलमन आणि सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये दाखवलं. पोट उघडून पाहिलं तर पीतककोश निळाशार आणि आतला गर्भ मात्र कोरा. रंग दारातच अडकला होता. मग बिघडलं काय?

१९६७ मध्ये बेक, लॉइड आणि ग्रिफिथ्स यांनी तर्क मांडला की हा रंग लयकारिकांत साठून तिथली विकरं बंद पाडतो, गर्भाला अमिनो आम्लं मिळत नाहीत आणि अवयव घडायच्या ऐन दिवसांत त्याची उपासमार होते. पुढच्या प्रयोगांत या तर्कात दुरुस्ती झाली. ट्रिपान ब्लूचा मोठा परिणाम विकरांवर नाही, तर द्रव आत ओढून घेण्याच्या क्रियेवर होतो, असं दिसलं. म्हणजे चरक ठीक होता, मोळीच दारातून आत येत नव्हती.

पण मूळ कल्पना वाया गेली नाही. ल्युपेप्टिन हे रसायन प्रथिनं तोडणारी विकरं थेट अडवतं. ते दिल्यावर पीतककोशाच्या पेशी न पचलेल्या प्रथिनांनी तट्ट फुगतात आणि उंदरांत व्यंगं दिसतात. इथे मोळ्यांचा ढीग पडलाय आणि चरक बंद आहे. उंदराच्या मूत्रपिंडाच्या किंवा पीतककोशाच्या पेशींविरुद्ध बनवलेल्या प्रतिपिंडांनीही, द्रव ओढण्याचं काम रोखून, तोच शेवट होतो.

परीक्षेत 'ट्रिपान ब्लू विकर रोखतो' एवढंच लिहून अनेक जण थांबतात. अर्धे गुण तिथेच जातात.

४. कोणत्या प्राण्यात पीतककोश किती दिवस काम करतो?

उंदीर आणि घूस (रॅट) यांत अगदी विण्यापर्यंत. घुशीचा गर्भकाळ २१-२२ दिवसांचा, त्यात साधारण ११-१२ व्या दिवसापर्यंत वार कामाला लागलेली नसते, तोवर बहुतेक भार पीतककोशावर. त्यानंतरही आईची प्रतिपिंडं त्यातूनच पिलांकडे जातात. सशातही तो शेवटपर्यंत राहतो.

घोडीत साधारण पहिले ४० दिवस त्याचं महत्त्व मोठं. कुत्री-मांजरात तो लांबट पिशवीच्या रूपात विण्यापर्यंत दिसतो, पण मुख्य काम सुरुवातीलाच उरकतं. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांत तो लवकर वाढतो आणि लवकरच आक्रसतो, पहिल्या दोन-अडीच महिन्यांनंतर शोधूनही हाती लागत नाही. माणसात सोनोग्राफीवर तो सहाव्या आठवड्याच्या आसपास गोल टिकलीसारखा दिसतो आणि पहिली तिमाही संपता संपता नाहीसा होतो.

५. मग उंदरावर जे दिसलं ते माझ्या म्हशीला लागू होतं का?

थेट नाही. उंदराची पिशवी गर्भाच्या बाहेरून उलटी वळलेली असते, आईच्या द्रवाला भिडलेली. म्हशीची तशी नसते आणि तिचा काळही थोडा. त्यामुळे 'पीतककोशातलं विकर बंद पडून व्यंग' ही वाट उंदीर-सशात रुंद आणि जनावरांत अरुंद आहे. म्हशीच्या गर्भाला विष बाधतं ते बहुतेक वेळा दुसऱ्या वाटांनी: रक्तातला ऑक्सिजन तुटून (प्रश्न ७), गर्भाची हालचाल थांबून (प्रश्न ८), किंवा पेशींचं विभाजन अडून (प्रश्न ९).

उलट बाजूही खरी आहे. एखादं रसायन फक्त घुशीत व्यंग आणत असेल, तर ते पीतककोशामुळे तर नव्हे ना, हा पहिला संशय घ्यावा. कीटकनाशकं आणि इतर रसायनं तपासण्याच्या ओईसीडी ४१४ या आंतरराष्ट्रीय नियमातही प्राण्याची निवड महत्त्वाची असते. कृंतकांत (उंदरासारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांत) घूस आणि इतरांत ससा यांना पसंती आहे, किमान तीन मात्रा आणि एक विनाविषाचा गट घेऊन चाचणी होते. ससा कृंतक नाही, हे खरं. पण पीतककोशाच्या बाबतीत तो घुशीच्याच बाजूचा, हेही लक्षात असू द्या.

६. म्हैस भरवल्यानंतर कोणते दिवस जपायचे?

पहिले ६० दिवस. अवयव त्याच काळात घडतात आणि याच काळात माणूस सगळ्यात बेफिकीर असतो, कारण गाभण आहे की नाही हेच ठरलेलं नसतं. हाताने तपासून खात्री साधारण ४५ ते ६० दिवसांनी होते, सोनोग्राफीने महिन्याभरात. तोवर भरवलेली प्रत्येक म्हैस गाभणच धरून चालावं.

उलटण्याची तारीख लिहून ठेवा, ती बरंच सांगते. २१ दिवसांच्या आसपास परत माजावर आली तर गर्भ धरलाच नाही किंवा साधारण १६ व्या दिवसाआधीच मेला. २५ ते ४५ दिवसांत कधीतरी अवेळी माज दिसला तर गर्भ धरून नंतर गेला असण्याची शक्यता जास्त. एखादी म्हैस अशी उलटली तर नशीब म्हणा. एकाच गोठ्यात तीन-चार उलटल्या, तर चारा, पेंड, औषध आणि फवारणी यांची यादी तारखांसकट काढायची वेळ आली.

७. वळवाच्या पावसानंतर शाळूच्या धसकटांना हिरवे फुटवे येतात. गाभण जनावराला घालावेत का?

नकोत. त्यात एक सोडून दोन विषं असू शकतात आणि दोन्हींचे उपचार एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

पहिलं हायड्रोसायनिक आम्ल. कोवळी, पाण्याअभावी खुरटलेली आणि पाऊस पडताच एकदम फुटलेली ज्वारी यात सगळ्यात वाईट. ज्वारी गुडघ्याच्या बरीच वर गेल्याशिवाय हिरवी घालू नये. निम्मं पीक फुलोऱ्यात आल्यावर कापलेलं कडवाळ सुरक्षित. या विषात जनावर मिनिटांत कोसळतं, रक्त लालभडक दिसतं.

दुसरं नायट्रेट. दुष्काळानंतरचा पाऊस आणि वरून युरियाचा भडिमार झालेल्या रानात ते ताटाच्या खालच्या भागात साठतं. पोटात त्याचं नायट्राइट होतं आणि रक्त ऑक्सिजन वाहून नेण्याचं काम सोडतं. रक्त चॉकलेटी दिसतं. म्हैस स्वतः तगते, पण पोटातला गर्भ गुदमरतो आणि ती काही दिवसांनी गाभडते. तोवर त्या चाऱ्याची आठवणही राहिलेली नसते.

गोंधळ होतो तो वाळवण्यात. वाळवल्यावर हायड्रोसायनिक आम्ल बरंच उडून जातं, नायट्रेट मात्र कडब्यात तसंच राहतं. मुरघास केला तर नायट्रेट बऱ्यापैकी कमी होतं. तपासून घेतलं तर कोरड्या वजनावर ०.५ टक्क्यापर्यंत नायट्रेट चालतं, ०.५ ते १ टक्का असेल तर गाभण जनावराच्या रोजच्या चाऱ्यात ते निम्म्यापेक्षा जास्त नको, त्याच्यावर असेल तर गाभणीला नकोच. ताट जमिनीपासून वीतभर सोडून कापलं तरी फरक पडतो.

उपचाराबद्दल एवढंच: हायड्रोसायनिक आम्लावर डॉक्टर सोडियम नायट्राइट आणि थायोसल्फेट शिरेतून देतात, नायट्रेटवर मिथिलीन ब्लू. नायट्रेट झालेल्या जनावराला नायट्राइट टोचणं म्हणजे आगीत तेल. म्हणून 'मागच्या वेळी शेजाऱ्याच्या बैलाला हेच दिलं होतं' असं सांगून इंजेक्शन मागू नका, रक्ताचा रंग आणि चारा दाखवा. तडफडणाऱ्या जनावराला गुळाचं पाणी नळीने पाजू नका, ते फुप्फुसात जातं. १९६२ या क्रमांकावर फिरत्या दवाखान्याची गाडी मागवता येते.

८. निपाणीकडे तंबाखू काढल्यावर रानात खोडं राहतात. जनावर ती चघळतं. गर्भाला धोका?

हो, आणि हा धोका आपल्या भागात फारसा कुणी धरत नाही. अमेरिकेत केंटकीमध्ये तंबाखूची खोडं खाल्लेल्या डुकरिणींना पाय आखडलेली पिलं झाली. निकोटीनच्या कुळातली अल्कलॉइड्स गर्भाच्या स्नायूंना झोपवतात. पोटात जो पाय हलत नाही तो सांध्यात आखडून राहतो. इथे पीतककोशाचा आणि त्याच्या विकरांचा दोष नाही, मज्जातंतू आणि स्नायू यांच्या जोडावरचा आहे. फरक उपयोगाचा आहे, कारण पीतककोशाची वाट फार लवकर बंद होते, तर हालचाल थांबण्याचा धोका त्यापुढेही काही आठवडे टिकतो. गाभण जनावर त्या रानात मोकळं सोडू नये आणि खोडं गव्हाणीजवळ रचू नयेत.

खानापूरच्या जंगलकडेला विचारली जाणारी घाणेरी मुख्यतः यकृत बिघडवते, कावीळ आणि उन्हात कातडी सोलणे ही तिची लक्षणं.

९. जंताचं औषध गाभणपणी चालतं का?

औषधावर अवलंबून आहे. अल्बेंडाझोल गाय-म्हशीला पहिले ४५ दिवस आणि मेंढीला पहिला महिना देऊ नये. पेशी दुभंगताना लागणारे धागे ते बनू देत नाही. जंताच्या पेशीवर त्याचा डोळा असतो, पण घडणारा गर्भही म्हणजे नुसत्या दुभंगणाऱ्या पेशीच. फेनबेंडाझोल त्याच कुटुंबातलं असूनही गाभण जनावरात डॉक्टर ते जास्त विश्वासाने देतात.

दुकानातला कागद बहुतेक वेळा कन्नड आणि इंग्रजीत असतो. वाचता येत नसेल तर काउंटरवर 'गाभण आहे आणि इतके दिवस झाले' हे दोन्ही सांगा. नुसतं 'जंताची गोळी द्या' म्हटलं की समोरच्याच्या हाताला येईल ती मिळते.

१०. कीटकनाशकाच्या डब्यावर हिरवा त्रिकोण आहे, म्हणजे गाभणीला चालेल?

त्रिकोण वेगळंच सांगतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग एकदम पोटात गेल्यास किती मात्रेत निम्मी जनावरं मरतात त्यावर ठरतात: लाल म्हणजे किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत, पिवळा ५०० पर्यंत, निळा ५,००० पर्यंत, हिरवा त्याच्या पुढे. गर्भाबद्दल त्यात एक अक्षरही नाही. आईला काही न होता गर्भाला बाधणारी द्रव्यं असतात, प्रश्न ३ मधला निळा रंग हेच त्याचं उदाहरण. फवारलेल्या रानातलं उसाचं वाडं किंवा बांधावरचं गवत, डब्यावर लिहिलेले दिवस जाईपर्यंत कापू नये. पंप ज्या हौदात धुतला त्यात जनावराला पाणी पाजू नये.

११. खुडूक कोंबडीच्या अंड्यांवर फवारा उडाला तर पिलं आखूड पायांची का निघतात?

ही पीतककोशातल्या विकराची सगळ्यात स्वच्छ कहाणी आहे, जरी ती गर्भारपणाची नसली तरी. डायझिनॉनसारखी काही फॉस्फरसयुक्त कीटकनाशकं कोंबडीच्या भ्रूणाच्या पीतककोशात कायन्युरेनिन फॉर्मामिडेज हे विकर अडवतात. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून एनएडी हे पेशीला लागणारं द्रव्य बनवण्याच्या वाटेवर हे विकर बसलेलं आहे. ते अडलं की एनएडी घटतं आणि पाय आखूड, चोच पोपटासारखी, पिसं बिघडलेली असं पिल्लू घडतं. प्रयोगात अंड्यात निकोटिनामाइड (ज्यापासून एनएडी बनतं) टोचलं तर ही व्यंगं टळतात, यावरून वाट नक्की झाली.

त्याच औषधांनी मान वाकडी आणि पायाचे स्नायू बारीक असाही प्रकार होतो. तो अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज अडल्यामुळे, त्यावर निकोटिनामाइडचा उपयोग नाही. एकच विष, दोन विकरं, दोन वेगळी व्यंगं.

१२. प्रकल्पासाठी पीतककोशातलं विकर मोजायचं आहे. कसं करायचं आणि काय चुकतं?

आधी संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची परवानगी, त्याशिवाय घुशीला हात लावायचा नाही. मग आम्ल फॉस्फेटेजसाठी:

ठरलेल्या दिवशी, समजा १३ व्या, गर्भाशय बर्फावर घ्या. गर्भाशयाचा थर आणि बाहेरचा पातळ पडदा काढून आतला रक्तवाहिन्यांचा पीतककोश मोकळा करा, वारेपासून कापा. थंड ०.९ टक्के मीठपाण्यात दोन-तीनदा धुवा. टिपकागदावर पाणी निपटून वजन करा. ०.२५ मोलर सुक्रोजच्या थंड द्रावणात १० टक्के मिश्रण घोटा. १,००० जी वर १० मिनिटं फिरवून वरचं द्रव घ्या. पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट पीएच ५ च्या बफरमध्ये, ३७ अंशांवर ३० मिनिटं, मग ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड घालून थांबवा. पिवळा रंग ४०५ नॅनोमीटरवर वाचा. प्रथिनं लॉरी पद्धतीने मोजून उत्तर प्रति मिलिग्रॅम प्रथिन लिहा.

हेच एकदा ०.१ टक्के ट्रायटन एक्स-१०० घालून आणि एकदा न घालता करा. ट्रायटन लयकारिका फोडतं, म्हणून पहिलं उत्तर एकूण विकर आणि दुसरं बाहेर सांडलेलं. विष दिलेल्या गटात एकूण तेवढंच आणि सांडलेलं जास्त निघालं, तर विकर मेलेलं नाही, लयकारिका फाटली आहे. फक्त एकूण मोजणाऱ्याला हा फरक कधी दिसत नाही.

चुका ठरलेल्या असतात. नमुना एकदा गोठवून वितळवला की लयकारिका आपोआप फुटतात आणि सांडलेल्या विकराचा आकडा खोटा होतो. गर्भाशयाचा थर चिकटून राहिला तर आईचं विकर मोजलं जातं. रक्त नीट धुतलं नाही तर कॅटॅलेज भरमसाट येतं, कारण ते तांबड्या पेशींत ठासून भरलेलं असतं. आणि आकडेमोडीत एकक म्हणजे वीण, पिल्लू नव्हे. पाच उंदरींची ५० पिल्लं म्हणजे नमुने पाचच.

१३. विकर कमी आलं म्हणजे विषानेच अडवलं असं लिहावं का?

थेट नको, आधी तीन गोष्टी वगळा. विष दिलेली उंदरी कमी खाते, नुसत्या उपासानेही विकरं बदलतात. म्हणून तेवढंच मोजून खाऊ घातलेला, पण विष न दिलेला एक गट हवा. दुसरं, विकराची पातळी दिवसागणिक बदलते. विषाने गर्भाची वाढ एका दिवसाने मागे पडली असेल, तर तुम्ही १३ व्या दिवसाची तुलना १२ व्या दिवसाशी करत असता. तिसरं, दिवस मोजण्याची रीत. काही ठिकाणी शुक्राणू दिसलेला दिवस शून्य धरतात, काही ठिकाणी एक. दुसऱ्याच्या आकड्यांशी ताडताना हे आधी पाहा.

विकर वाढलं तरी हुरळून जाऊ नका. ३-मिथाइलकोलान्थ्रीनसारखी रसायनं पीतककोशातलं सायटोक्रोम पी-४५० वाढवतात, आणि वाढलेलं विकर गर्भाला तारेल की मारेल हे त्या रसायनावर ठरतं (प्रश्न २). कॅडमियमच्या प्रयोगात बरेच जण मेटॅलोथायोनिनला विकर म्हणतात. ते विकर नाही, धातूला धरून ठेवणारं प्रथिन आहे.

१४. सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली. कुणीतरी विष घातलं असा संशय आहे.

विषाच्या आधी ब्रुसेला पाहा. पाचव्या महिन्यानंतर गाभडणं ही त्या रोगाची ठळक खूण आहे आणि तो माणसालाही होतो. उघड्या हाताने गर्भ किंवा जार धरू नका, कुत्र्यापुढे टाकू नका, ओढ्यात सोडू नका. हातमोजे घालून गर्भ बर्फात ठेवा आणि गुरांच्या दवाखान्यात कळवा, गर्भाच्या जठरातलं द्रव तपासणीला लागतं. म्हशीचं रक्त आज एकदा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा द्या. गव्हाणीतला उरलेला चारा आणि पेंड किलोभर कोरड्या पिशवीत बांधा, तारीख लिहा, डबा-बाटली लेबलासकट सोबत न्या. पुरायचं असेल तर तपासणीचे नमुने घेतल्यावरच, खोल खड्ड्यात, वरखाली चुना घालून.